एक्स-रे काढून झाला, आणि मग दिवस गेल्याचं कळलं

ताई,
मी २८ वर्षांची आहे. लग्नाला तीन वर्षं झाली. मागच्या महिन्यात स्कूटीवरून पडले आणि कंबर धरली. हाडांच्या डॉक्टरांनी कमरेचे दोन एक्स-रे काढायला लावले. खोकला जात नव्हता, म्हणून छातीचाही एक काढला. तेव्हा पाळी यायला आठवडाभर अवकाश होता. ती आलीच नाही. टेस्ट केली तर दोन रेघा! ज्या बातमीची घरात सगळे वाट बघत होते ती आली आणि माझी झोप उडाली. गायनॅक मॅडमना एक्स-रेचं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "काही होत नाही, गोळ्या चालू ठेव." बाहेर नंबर लागलेले होते. घरी आले तर नणंदेने फॅमिली ग्रुपवर एक लेख टाकलेला. ऑक्सफर्डच्या अ‍ॅलिस स्टुअर्ट नावाच्या बाईंनी सिद्ध केलं आहे म्हणे, की गरोदरपणात एक्स-रे काढला तर मुलाला कॅन्सर होण्याचा धोका दुप्पट होतो. सासूबाई म्हणतात, अजून वेळ गेलेली नाही, पाडून मोकळी हो, पुढच्या वर्षी परत बघू. नवरा काहीच बोलत नाही. लेख खोटा असेल तर तसं सांगा. खरा असेल तर मी काय करू? आता मला सोनोग्राफीचीही भीती वाटायला लागली आहे.
— नाव छापू नये, सांगली जिल्हा

प्रिय मैत्रिणी,

लेख खोटा नाही. आणि तुला मोकळं व्हायचं काहीएक कारण नाही.

तुझ्या गायनॅक मॅडमनी सांगितलं ते बरोबरच आहे. फक्त ते दारातल्या दारात सांगितलं गेलं, म्हणून तुला पटलं नाही आणि मोकळ्या राहिलेल्या जागेत फॉरवर्ड येऊन बसलं. ओपीडीत पन्नास बायका खोळंबलेल्या असतात हे मला ठाऊक आहे. माझं सगळं आयुष्य रुग्णालयांत किरणांचे डोस मोजण्यात गेलं. पण हा प्रश्न "काही होत नाही" एवढ्यावर मिटणारा नसतो. विचारणाऱ्या बाईला आकडा हवा असतो. तो मी देते. त्याआधी ज्या बाईंच्या नावाने तुला घाबरवलं गेलं त्यांची ओळख करून देते, कारण त्यांनी काय शोधलं हे नीट कळलं तर निम्मी भीती तिथेच उतरेल.

अ‍ॅलिस स्टुअर्ट १९०६ साली इंग्लंडमधल्या शेफिल्डला जन्मल्या. आई आणि वडील दोघंही डॉक्टर. त्या केंब्रिजला शिकल्या आणि १९४६ साली रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या फेलो झाल्या. चाळिशीच्या आत हा मान मिळवणारी ती पहिली बाई. तोवर त्या ऑक्सफर्डला आलेल्या होत्या. तिथे त्यांचा सहकारी डेव्हिड ह्युइट हा आकडेशास्त्राचा माणूस. मृत्यूंच्या नोंदी चाळताना त्याच्या लक्षात आलं की ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने, जाणाऱ्यांत दोन ते चार वर्षांची पोरं नको तितकी दिसताहेत, आणि हा प्रकार वाढतो आहे. इतक्या लहान मुलाला कॅन्सर व्हायचा तर त्याचं मूळ जन्माच्या आगेमागेच कुठेतरी असणार. पण शोधायचं कुठे? केसपेपरवर डॉक्टरला महत्त्वाचं वाटलं तेवढंच लिहिलेलं असतं. स्टुअर्टबाईंनी ठरवलं की आयांनाच विचारायचं. डॉक्टर जे विसरले ते आईला आठवत असेल.

आज हे साधं वाटतं. त्या काळच्या ऑक्सफर्डमध्ये ही कल्पना बऱ्याच जणांना बायकी वाटली असणार. पैसे मिळाले ते फक्त हजार पौंड. ते कुठून आले हे मी तुला मुद्दाम सांगते, कारण लेखात हे नसणार. ते आले लेडी टाटांच्या नावाने चालणाऱ्या निधीतून. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली ल्युकेमियानेच गेल्या. पुढच्या वर्षी दोराबजींनी त्यांच्या नावाने ट्रस्ट काढला, तो याच आजारावरच्या संशोधनाला जगभर पैसा पुरवायला. परळचं टाटा हॉस्पिटलही त्याच दुःखातून निघालेलं, १९४१ सालचं. म्हणजे तुझी झोप उडवणाऱ्या त्या अभ्यासाला मुंबईचा पैसा लागलेला आहे.

हजार पौंडांत देशभर माणसं पाठवणं शक्यच नव्हतं. मग बाईंनी गावोगावच्या सरकारी आरोग्य अधिकाऱ्यांना गळ घातली आणि प्रश्नावल्या त्यांच्या हाती दिल्या. त्यांच्याकडची माणसं दोन प्रकारच्या घरांत गेली. एक घर कॅन्सरने मूल गेलेलं. दुसरं त्याच भागातलं, त्याच वयाच्या, जिवंत मुलाचं. दोन्ही आयांना तेच प्रश्न. कुठले कुठले आजार झाले, रंगीत सरबतं प्यायली का, गोळ्या-चॉकलेटं किती, बाहेरचे तळलेले मासे आणि बटाटे खाल्ले का. सुतावरून स्वर्ग गाठायचा होता, म्हणून दिसेल ते सूत विचारून ठेवलेलं. त्या गर्दीत एक प्रश्न होता, गरोदरपणी पोटाचा एक्स-रे काढला होता का?

उत्तरं परत यायला लागली आणि बाकी सगळे प्रश्न विरून गेले. १९५६ साली 'लॅन्सेट' या डॉक्टरी नियतकालिकात पहिला छोटा अहवाल आला. कॅन्सरने गेलेल्या ५४७ मुलांपैकी ८५ जणांच्या आयांनी पोटाचा एक्स-रे काढलेला होता. तितक्याच जिवंत मुलांच्या आयांत हा आकडा होता ४५. तुझ्या लेखातलं "दुप्पट" ते हे. १९५८ साली मोठा अहवाल आला, त्यातही चित्र तेच.

तेव्हा सोनोग्राफी नव्हती. बाळ आडवं आहे की उभं, जुळं आहे का, आईच्या कमरेच्या हाडांतून ते बाहेर येईल का, हे बघायचं तर एक्स-रेच काढायचे, तेही बहुतेक शेवटच्या महिन्यांत, आणि एका बाईचे बऱ्याचदा एकाहून जास्त. किरणं कमी वापरावीत असं फारसं कुणाच्या मनात नव्हतं. इंग्लंडमध्ये चपलांच्या दुकानांतसुद्धा पोरांची पावलं एक्स-रेच्या मशीनमध्ये घालून बूट बसतोय का ते दाखवायचे! अशा दिवसांत एका बाईने आयांच्या आठवणी गोळा करून म्हणावं की तुमच्या रोजच्या तपासणीने पोरं मरताहेत, म्हटल्यावर डॉक्टर मंडळींना ते रुचलं नाही.

आक्षेप मात्र फालतू नव्हते. पहिला असा की मूल गेलेली आई गरोदरपणातला दिवस न् दिवस उकरून काढते, आणि जिचं पोर अंगणात खेळतंय तिला एक्स-रे आठवतही नाही. मग तफावत दिसणारच. त्यातच १९६० साली कोर्ट ब्राऊन, डॉल आणि हिल यांचा अभ्यास आला. सिगारेट आणि फुफ्फुसाचा कॅन्सर यांचं नातं ज्यांनी दाखवलं तेच हे डॉल आणि हिल, म्हणजे या शास्त्रातली सगळ्यात वजनदार नावं. पोटात असताना एक्स-रे झालेली ३९,१६६ मुलं त्यांनी नोंदींवरून तपासली. एरवीच्या हिशेबाने त्यांच्यात साडेदहा मुलांना ल्युकेमिया व्हायला हवा होता, झाला नऊ जणांना. म्हणजे वाढ नाहीच. स्टुअर्टबाईंचं बोलणं तिथेच संपल्यासारखं झालं.

दोन वर्षांनी हार्वर्डच्या ब्रायन मॅकमहॉन यांनी वेगळा रस्ता धरला. त्यांनी कुठल्याच आईला विचारलं नाही. अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या ३७ रुग्णालयांत जन्मलेल्या सव्वासात लाखांहून जास्त मुलांचा त्यांनी मागोवा घेतला, आणि एक्स-रे झाला की नाही हे रुग्णालयांच्या कागदांवरून ठरवलं. ते कागद मूल आजारी पडायच्या आधीचे, त्यामुळे आठवणीचा घोळ उरलाच नाही. एक्स-रे झालेल्या मुलांत कॅन्सरने मृत्यू सुमारे ४० टक्के जास्त निघाले. दुप्पट नव्हे, पण वाढ खरी. मग दुसरा आक्षेप, की ज्या बायकांच्या गरोदरपणात काहीतरी बिघडलेलं होतं त्यांचेच एक्स-रे निघाले असतील, आणि दोष त्या बिघाडाचा असेल. याचं उत्तर जुळ्यांनी दिलं. जुळ्यांच्या आयांचे एक्स-रे फार निघायचे, ते नुसतं पोट मोठं दिसलं म्हणून. तिथेही वाढ तशीच होती. स्टुअर्टबाई आणि त्यांचे सहकारी जॉर्ज नील यांनी १९७० साली हेही दाखवलं की जितक्या फिल्म जास्त, तितका धोका जास्त.

आणि १९९७ साली खुद्द रिचर्ड डॉल यांनी, वेकफर्ड यांच्याबरोबर, सगळा पुरावा पुन्हा तपासून लिहिलं की पोटातल्या बाळाला १० मिलिग्रेच्या (हे किरणांच्या डोसचं माप) आसपास डोस मिळाला तर बालपणीच्या कॅन्सरचा धोका वाढतो. स्टुअर्टबाई तेव्हा नव्वदीच्या होत्या. पुढे २००२ साली त्या गेल्या. एवढ्या मोठ्या विरोधकाने हयातीत आपलं म्हणणं मान्य केलेलं बघायचं भाग्य शास्त्रात फार थोड्यांना लाभतं.

तेव्हा बाईंना खोटं ठरवून मी तुला धीर देणार नाही. त्या बरोबर होत्या. आता तुझ्याकडे येऊ.

वर जो १० मिलिग्रे म्हटला, तो गर्भापर्यंत पोचलेला डोस. किरणांची किती ऊर्जा शरीरात मुरली ते मोजायचं हे माप. फिल्म कितीदा काढली यापेक्षा हा आकडा जास्त बोलतो, आणि तुझ्या घरात कुणीही तो विचारलेला नाही. छातीच्या एक्स-रेत किरणं छातीवर पडतात, पोटाकडे जातात ती अंगातल्या अंगात विखुरलेली थोडीशी. गर्भापर्यंत पोचतो तो डोस ०.०१ मिलिग्रेपेक्षाही कमी. तो विसरून जा. खोकल्यासाठी काढलेला तो एक्स-रे या गोष्टीत नाहीच असं समज. (लेडचा एप्रन दिला नाही म्हणून नणंदेने टोचलं असेल, तर तेही सोडून दे. जे काही पोचतं ते आतूनच विखुरून पोचतं, वरून एप्रन टाकल्याने त्यात फारसा फरक पडत नाही.)

कमरेचा एक्स-रे मात्र गर्भाशयाच्या जवळचा. त्यात गर्भाला मिळणारा डोस सरासरी १.७ मिलिग्रे धरतात, आणि एखाद्या जुन्या किंवा वाईट लावलेल्या मशीनवर तो फार फार तर १० पर्यंत जातो. हा आकडा पूर्ण तपासणीचा आहे, म्हणजे तुझ्या दोन फिल्म त्यात आल्या. तुलनेला हेही बघ. जमिनीतून, आकाशातून, आईच्या अंगातल्या पोटॅशियममधून जी नैसर्गिक किरणं येतात, त्यांतून जगातल्या प्रत्येक बाळाला नऊ महिन्यांत अर्धा ते एक मिलिग्रे डोस मिळतोच. म्हणजे तुझ्या कमरेच्या एक्स-रेने त्याहून दोन-तीन पट जास्त दिला. हा काही शून्य नाही. "काही होत नाही" यातली बारीकशी अतिशयोक्ती ती एवढीच.

आता धोका. एकही एक्स-रे न काढलेल्या बायकांची दहा हजार मुलं घेतली, तर वयाच्या विशीपर्यंत त्यांतल्या साधारण ३० जणांना कुठला ना कुठला कॅन्सर होतो. हे दुर्दैवाने सगळीकडेच आहे. डॉल आणि वेकफर्ड यांनी काढलेला दर असा की एक ग्रे, म्हणजे हजार मिलिग्रे, डोसमागे सुमारे सहा टक्के जादा धोका. तुझ्या १.७ मिलिग्रेला तो लाव. दहा हजारांत एक येतो. म्हणजे तिसाचे एकतीस. मशीन अगदी रद्दी होतं असं धरून १० मिलिग्रे घेतले, तरी तिसाचे छत्तीस. म्हणजेच दहा हजारांतल्या नऊ हजार नऊशे चौसष्ट मुलांना कॅन्सर होत नाही, आणि हे सगळ्यात वाईट गणित. शिवाय हा हिशेब करताना असं गृहीत धरलेलं आहे की मोठ्या डोसला दिसणारा धोका त्याच प्रमाणात उतरत खाली छोट्या डोसपर्यंत येतो. किरणांपासून बचावाचे नियम करताना सावधगिरी म्हणून असंच धरतात.

"दुप्पट" ऐकलं की काळजात धस्स होतं. दहा पैशांचे दुप्पट वीस पैसे होतात, हे त्या क्षणी सुचत नाही. लेख लिहिणाऱ्याने दुप्पट लिहिलं, पण कशाच्या दुप्पट ते लिहिलं नाही. आणि ते दुप्पट पन्नासच्या दशकातल्या मशीनचं, पोटाच्याच एक्स-रेचं, हेही गाळलं.

एक गोष्ट लपवत नाही, कारण नणंदेने अजून खोदलं तर तिला ती सापडेलच. ऑक्सफर्डच्या आकड्यांत पहिल्या तीन महिन्यांत काढलेल्या एक्स-रेंचा धोका शेवटच्या महिन्यांतल्यापेक्षा जास्त दिसला होता. पण असे एक्स-रे होते थोडे, आणि ते बहुधा आईच्या दुसऱ्या एखाद्या आजारासाठी काढलेले, जास्त डोसचे. म्हणून वरचं गणित मी दहाच्या कमाल आकड्यानेही करून दाखवलं.

आणि व्यंगाचं काय? पत्रात तू विचारलं नाहीस, पण मनात असणारच. दर शंभर बाळांत सुमारे तीन बाळं लहानमोठं व्यंग घेऊन जन्मतात, एक्स-रे असो वा नसो. १०० मिलिग्रेच्या खाली हा आकडा हलत नाही. तुझा एक्स-रे झाला तेव्हा गर्भ धरून जेमतेम आठवडा झाला असेल, मोजक्या पेशींचा गोळा. त्या अवस्थेत खरोखर मोठा डोस लागला तर गर्भ टिकतच नाही आणि पाळी येऊन जाते. टिकला तर तो सावरून पुढे वाढतो. तुझा टिकला आहे, आणि तुझा डोस तर मोठ्याच्या जवळपासही नव्हता.

किरणांपासून संरक्षणाचं काम बघणारा जो आंतरराष्ट्रीय आयोग आहे, त्याचं २००० सालापासून स्वच्छ म्हणणं आहे की गर्भाला १०० मिलिग्रेपेक्षा कमी डोस मिळाला असेल तर तेवढ्या कारणासाठी गर्भपात करू नये. तू या रेषेपासून किती लांब आहेस ते बघितलंस ना?

म्हणूनच सासूबाईंचा सल्ला मला मुळीच मान्य नाही. त्यांना मी दुष्टही म्हणत नाही. नातवंड आजारी निपजू नये ही भीती त्यांचीही आहे, आणि "पुढच्या वर्षी परत बघू" हे त्यांच्या पिढीला सोपं वाटतं. पण स्टुअर्टबाईंचं संशोधन होतं ते एक्स-रे काढायच्या आधी थांबून विचार करण्यासाठी. ज्या बाळाचा एक्स-रे होऊन गेला ते पाडावं असा अर्थ त्यातून कुठल्याच बाजूने निघत नाही. धोका दहा हजारांत एकाने वाढेल म्हणून निरोगी गर्भ काढून टाकायचा, आणि गर्भपाताचा त्रास आणि धोका तू सोसायचा, हा कुठला हिशेब? आणि एक लक्षात ठेव, सज्ञान बाईच्या गर्भपाताला कायद्याने फक्त तिचीच संमती लागते. नवऱ्याची लागत नाही, सासूची तर नाहीच. घरात विषय निघाला की हे वाक्य हळू आवाजात, पण एकदा उच्चारून ठेव.

माझा राग आहे तो एक्स-रे सेंटरवर. तू २८ वर्षांची विवाहित, आणि कमरेची फिल्म काढायच्या आधी "शेवटची पाळी कधी आली?" एवढं कुणी विचारलं नाही. दारावर पाटी असते, "गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर आधी सांगा." बऱ्याच ठिकाणी ती कॅलेंडरच्या मागे गेलेली असते. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, आठवड्याने येईल, आणि डॉक्टरांनी बहुधा तो एक्स-रे पाळीपर्यंत पुढे ढकलला असता. कंबर काही पळून जात नव्हती. बाईंच्या संशोधनातून रोजच्या कामात उतरलेली गोष्ट म्हणजे हा एक प्रश्न, आणि तोच गाळला गेला. त्या सेंटरला हे जरूर ऐकव, तुझ्यासाठी नाही तर तुझ्यामागून येणारीसाठी.

तिथे जाशीलच, तर आणखी एक काम करून ये. कमरेच्या दोन्ही फिल्मना मशीन किती केव्ही आणि किती एमएएसवर (किरणं किती जोराची आणि किती सोडली ते सांगणारे दोन आकडे) लावलं होतं ते लिहून माग. डिजिटल मशीन असेल तर ते साठवलेलं असतं, नाहीतर टेक्निशियन आपला नेहमीचा आकडा सांगेल. तो कागद कॅन्सरवर रेडिएशनचे उपचार करणाऱ्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयातल्या मेडिकल फिजिसिस्टला, म्हणजे किरणांचे डोस मोजणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवलास तर तुझ्या बाळाला नेमका किती डोस मिळाला याचा चांगला अंदाज तो बसल्या जागी काढून देईल. मिरज-सांगलीकडे अशी माणसं मिळतील. हे केलंच पाहिजे असं नाही, उत्तर काय येणार ते मला दिसतं आहे. पण सासूबाईंसमोर ठेवायला तुझ्या नावाचा एक आकडा असलेला बरा. माझ्या लेखापेक्षा त्याला वजन येईल.

सोनोग्राफीत किरणं नसतात, आवाजाच्या लहरी असतात. उलट ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी १९५८ साली सोनोग्राफीचं पहिलं मोठं काम छापलं आणि पुढे तिनेच प्रसूतिगृहांतून एक्स-रेला हद्दपार केलं. डॉक्टर सांगतील तेव्हा बिनधास्त कर. एमआरआयमध्येही एक्स-रेसारखी किरणं नसतात. मोबाइलचा या सगळ्याशी संबंध नाही.

पुढच्या महिन्यांत कुठल्याही डॉक्टरकडे गेलीस, अगदी दातांच्यासुद्धा, तरी पहिलं वाक्य "मला दिवस गेलेत" हे असू दे. आणि एवढं सांगूनही कुणी छातीचा किंवा दाताचा एक्स-रे गरजेचा आहे म्हटलं, तर नाही म्हणू नकोस. खोकला दोन आठवडे राहिला आणि टीबीची शंका आली, तर तो वेळेत सापडणं बाळासाठीही ०.०१ मिलिग्रेपेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे. पोटाचं किंवा ओटीपोटाचं सीटी स्कॅन सांगितलं तर मात्र विचार, सोनोग्राफीवर किंवा एमआरआयवर भागेल का? त्यात डोस दहा-पंचवीस मिलिग्रेपर्यंत, कधी त्याहूनही वर जातो. तरी अपघातासारख्या जिवावरच्या प्रसंगी तेही करतात, आणि करावंच लागतं.

लेखाच्या शेवटी असंही होतं का, की स्टुअर्टबाई म्हणत, किरणांचा सुरक्षित डोस असा नसतोच? बहुधा असेल, ते नेहमी पुढे सरकवतात. १९७०च्या दशकात त्या अमेरिकेत गेल्या आणि हॅनफर्डच्या अणुकारखान्यातल्या कामगारांवर थॉमस मँकुसो यांच्याबरोबर काम केलं. अधिकृत अंदाजापेक्षा धोका कितीतरी जास्त आहे असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावरून मोठा वाद झाला, मँकुसो यांचं सरकारी कंत्राट गेलं, आणि बाईंचे ते आकडे अनेक शास्त्रज्ञांना आजही पटत नाहीत. अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्समधल्या तीन लाखांहून जास्त अणुकामगारांचा जो अभ्यास २०१५ साली आला, त्यात थोड्या-थोड्या डोसनेही धोका थोडा-थोडा वाढतो हे दिसलं. म्हणजे दिशा बाईंची, पण आकार त्या म्हणत होत्या तेवढा नाही. तुझ्या प्रश्नाला याने काही फरक पडत नाही. "सुरक्षित डोस नाही" याचा अर्थ प्रत्येक डोस घातक, असा लावू नकोस.

नवरा गप्प आहे, त्याबद्दल. बहुतेक तोही घाबरलेला आहे आणि आई आणि बायको यांच्यामध्ये सापडला आहे. त्याला माझं हे उत्तर वाचायला दे, विशेषतः तिसाचे एकतीस तो भाग, आणि सांग की पुढच्या व्हिजिटला तो आणि सासूबाई दोघांनीही आत यायचं. गर्दीची वेळ टाळून, वेगळी अपॉइंटमेंट घेऊन जा. मॅडमना सरळ म्हण, "मला दहा मिनिटं हवीत, घरच्यांना एक्स-रेचं तुमच्या तोंडून ऐकायचं आहे." सासूबाईंना सुनेचं पटणार नाही, नणंदेच्या फोनमधलं पटतं, पण समोर बसलेल्या डॉक्टरीणबाईंचं नक्की पटेल. ग्रुपवर वाद घालत बसू नकोस.

आणि कंबर अजून दुखते का? पत्रात लिहिलं नाहीस. दुखत असेल तर मनाने गोळ्या घेऊ नकोस, दुखण्यावरच्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. हाडांच्या डॉक्टरांना दिवस गेल्याचं कळवून बदलून घे. फॉलिक अ‍ॅसिड मात्र चुकवू नकोस. या घाबरगुंडीत बायका नेमकी तीच गोळी विसरतात.